बर्फाची जाडी

तावेत म्हणाला, आत्या, हा डबा आता भंगारात घाल.
बारा वर्षांचा झालाय, नवं काही पेलवत नाही त्याला.
म्हटलं, मला त्र्याहत्तरावं लागलंय,
मलाही नवं काही पेलवत नाही.
माझं काय करतोस?

ओशाळला.
दोन रात्री जागून त्याच्या पोटातलं जुनं सगळं पुसलं,
काहीतरी हलकं, फुकटचं भरलं,
पडदा स्वतःसाठी घेऊन गेला.
उरला नुसता डबा, जिन्याखाली,
बटाट्याच्या पोत्याला टेकून,
एक निळी तार, एक हिरवा ठिपका.
"आता हा सर्व्हर," म्हणाला.
मी सहकारी शेतावर जन्मभर खतावण्या लिहिल्या.
हुद्दा वाढला म्हणून काम कमी होत नाही,
एवढं मला कळतं.

पहिल्यांदा त्यावर सफरचंदांच्या घाण्याच्या पाळ्या लावल्या.
घाणा गावात एकच, पोती शंभर,
आणि दारावरचा कागद दर सप्टेंबरला
कुणीतरी फाडणार, वर पावसाला नाव ठेवणार.
आता नाव घाला, पोती घाला, वार निवडा.
एल्मारनं तीनदा नाव घातलं.
तिसऱ्यांदा डब्यानं हटकलं: तुमची पाळी आधीच लागली आहे.
हे त्याला तोंडावर सांगायला
मला तीस वर्षांत जमलं नव्हतं.

मग बर्फ.
सकाळी खाडीवर जाते, गिरमिटानं भोक पाडते,
पट्टी बुडवते, घरी येते, मोबाइलवरून आकडा चढवते.
पान एवढंच. तारीख, सेंटिमीटर,
आणि खाली माझं वाक्य: पुढची जबाबदारी ज्याची त्याची.
चित्र नाही, जाहिरात नाही.
तावेतला ते उघडंबोडकं वाटतं.
मला बरं वाटतं.

डबा ऊब सोडतो. वाया कशाला घालवायची?
फळी टाकून वर टोमॅटोची रोपं ठेवली.
मांजरानं आपली जागा स्वतःच शोधली.

एकदा तावेतनं आतली नोंदवही उघडून दाखवली,
कोण आलं, किती वाजता आलं.
गावाची माणसं सकाळी आठला, कामाला निघताना.
पण रोज पहाटे तीन-दहाला
कुणीतरी एकटंच येतं, आकडा बघतं, जातं.
जुलैतसुद्धा. जुलैत खाडीवर बदकं असतात.
तावेत म्हणाला, कोण आहे ते शोधता येईल.
म्हटलं, बंद कर ती वही.

फेब्रुवारीत वादळ आलं, झाड तारेवर पडलं.
हिरवा ठिपका विझला.
पंख्याची घरघर घरात होती
हे ती थांबल्यावर कळलं.
मेणबत्ती लावून बसले,
रोपांवर जुना कोट पांघरला.

साडेतीनला दार वाजलं.
मिन्ना. खालच्या धक्क्याकडची.
हातात टॉर्च, पापण्यांवर बर्फ.
"आकडा दिसेना," म्हणाली.
"म्हटलं सालमेला काही झालं की काय."
मी तिला आत घेतलं. बूट काढायला वेळ लागला तिला.
तिचा भाऊ गेला त्या मार्चमध्ये
खाडीवर पट्टी घेऊन कुणी जात नव्हतं.
सगळे नजरेनंच मोजत.
तिनं ते काढलं नाही, मीही नाही.
स्टोव्हवर चहा ठेवला,
आणि एल्मारच्या तीन पाळ्यांवर
आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो.

उजाडल्यावर वीज आली.
डबा खोकला, घुटमळला, उठला.
मी लिहिलं: आज मोजला नाही. कुणी जाऊ नये.
दोन रोपं थंडीनं गेली.
बाकीची फळीवर उभी आहेत, जरा कलंडलेली,
ऊब येते त्या बाजूला.